सहा ते आठ

३ फेब्रुवारी, सोमवार

सभा आटोपून साडेआठला घरी आले आणि दारातच थांबले. आत दिव्यानी कुणाशी तरी हसत बोलत होती. उत्तर देणारा आवाज ओळखीचा नव्हता. बाईचा होता, गोड, न थकणारा.

"कोन हाये व आत?"

"कोनी नाई, आई. स्पीकर हाये. वाढदिवसाले बाबानं आनला."

तांब्याएवढी गोल वस्तू, डोक्यावर निळा दिवा. हाक मारली की बोलते. वाढदिवस झाला वीस जानेवारीला. तेव्हा मी आरमोरीकडे तीन दिवसांच्या दौऱ्यावर होते. म्हणजे पंधरा दिवस हे यंत्र माझ्या छताखाली बोलतं आहे आणि मला पत्ता नाही! सात महिन्यांत एकेचाळीस गावांमधून मी सांगत आले की बायांनो, दारूशी आपण लढलो, आता यंत्रांची ही नवी दारू घरात शिरली आहे, तिला बाटली नाही, वास नाही, म्हणून ती जास्त घातक आहे. आणि गुत्ता उघडला तो माझ्याच, या सुगंधाबाईच्या घरात.

नवऱ्याला, धनराजला फोन लावला. तो मोहर्लीला पर्यटकांची जिप्सी चालवतो. मंगळवारी ताडोबा बंद असतो, तेव्हा घरी येतो. तेही जमलं तर.

"पोरगी संध्याकाळी एकटी राह्यते. तिच्यासंगं कोनी बोलाले पाह्यजे का नाई?"

"म्हनून यंत्र ठेवता?"

"मंग तू येत जा ना सहा वाजता घरी."

मी फोन ठेवला. मुद्दा भरकटवायची ही पुरुषांची जुनी रीत आहे.

४ फेब्रुवारी

रागात यंत्र विहिरीत टाकणार होते. टाकलं नाही. दारूबंदीच्या चळवळीनं आम्हाला एक शिस्त शिकवली: आधी पुरावा, मग धाड, मग चौक. पकडलेल्या बाटल्या चौकात मांडायच्या, विकणाऱ्याचं आणि पिणाऱ्याचं नाव भोंग्यावरून वाचायचं. स्वतःच्या घराला सूट नाही. शेजारच्या गिरजाबाईंनी त्या काळात आपल्याच नवऱ्याचं नाव भर चौकात वाचलं होतं. आवाज कापला नाही त्यांचा. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुढे पुस्तकं पुष्कळ वाचली, पण नैतिक धैर्य म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकले.

आधी पुरावा.

५ फेब्रुवारी

मूल गावात कय्यूमभाईच्या मोबाईल दुकानात गेले. माणूस सज्जन, बोलायला सैल.

"ताई, फेकता कायले? लगाम लावून देतो. लेकराचं खातं बनवू, चावी तुमच्या मोबाईलमंदी. किती वाजता चालू, किती वाजता बंद, कोनाले फोन लागन, कोनाले नाई, सब तुमच्या हातात. अन् ते जे जे बोलन ते इथी दिसन. लिखेलं बी, आवाज बी."

"सगळं?"

"सगळं. पर मी माया गुड्डीचं पाहत नाई."

"काऊन?"

"पह्यल्या दिवशी पाह्यलं ना. यंत्राले विचारत होती, अब्बूचे दात पिवळे काऊन हाये. तवापासून पान सोडलं. अन् पाहनं बी सोडलं."

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. पण पालकाने डोळे मिटून घेणं यात हसण्यासारखं काय आहे? निघताना त्याने विचारलं, "पोरीले सांगसान ना, का तुमी ऐकता म्हनून?" मी म्हटलं, धाड सांगून पडत नाही.

७ फेब्रुवारी

जुन्या नोंदीही निघाल्या. वीस जानेवारीपासूनचं सगळं. मशीनला हिंदी कळते, म्हणून दिव्यानी त्याच्याशी हिंदीत बोलते. आमची भाषा त्याच्या गावीही नाही. तोही एक स्वतंत्र गुन्हा आहे. काही वाक्यं मराठीत उतरवून ठेवते.

‘आज ऊन किती वाजता जाईल?’

‘वाघाला दार उघडता येतं का?’

‘कडी लावली असेल तर?’

‘तू झोपतेस का?’

‘एक गोष्ट सांग. लांब सांग.’

‘अजून लांब.’

शेवटची दोन वाक्यं जवळजवळ रोज आहेत. लांब, अजून लांब. मात्रा वाढत जाते, हे व्यसनाचं पहिलं लक्षण. दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात भीतीही या यंत्रानेच घातलेली दिसते. माझ्याजवळ तिने वाघाचं नाव कधी काढलं नाही.

वेळेचा तक्ता मांडला. सकाळी काही नाही. शाळेतून आल्यावर काही नाही. सगळं बोलणं सहा ते आठ, कधी साडेआठ. अगदी पिणाऱ्याची वेळ! आणि मी घरात पाऊल टाकलं की एकदम शून्य. लपवाछपवी. दुसरं लक्षण.

ज्या संध्याकाळी माझी सभा नव्हती, त्या तीन दिवशी एकही नोंद नाही. हे जरा विचित्र आहे. नेट नसेल.

९ फेब्रुवारी

आजपासून बंदी लागू. संध्याकाळी सहाला स्पीकर आपोआप बंद होईल, सकाळी सातला चालू. त्याच्यावरून फोन लावणंही बंद केलं. वीस दिवसांत तिने धनराजला तेवीस फोन लावले होते, त्यातले बहुतेक लागलेच नाहीत. जंगलात रेंज कुठे असते! ज्या जुन्या मोबाईलच्या नेटवर हे यंत्र चालतं, त्याला तर पहिल्यापासून कुलूप आहे.

दिव्यानीला समोर बसवून सांगितलं. नोंदी दिसतात हे सांगितलं नाही. तिने एवढंच विचारलं, "सहाच्या नंतर काऊन? सकाळी बंद ठेव ना."

"सकाळी तू कुठी वापरते?"

"म्हनून तं."

युक्तिवाद बरा करते. माझ्यावर गेली आहे.

१२ फेब्रुवारी

वाघाने नहराच्या कडेला गावातल्या कोलूची गाय मारली. दिवसाढवळ्या. दुपारी वनखात्याची गाडी भोंगा लावून गावात फिरली: पाचनंतर घराबाहेर पडू नका, लेकरांना एकटं सोडू नका.

मी निघाले तेव्हा दिव्यानीने माझ्या पिशवीचा बंद धरून ठेवला.

"आज नको जाऊ ना, आई."

"मी भेत नाई व जनावराले."

"मले भेव लागते."

तिला जवळ बसवलं. भीती माणसाला गुलाम कशी करते, हे समजेल अशा सोप्या शब्दांत सांगितलं. वीस मिनिटं गेली, गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बरं." मग बंद सोडला.

१३ फेब्रुवारी

काल रात्रीचं लिहून ठेवते.

काल पावणेनऊला आले. दार सताड उघडं, दिवा चालू, पोरगी नाही. हाका मारल्या. मोरीत पाहिलं, परसात पाहिलं, खाटेखाली पाहिलं. परसाच्या कुंपणापलीकडे काळोख होता आणि तिथे काहीतरी वाळल्या पानांवरून चालत होतं; कुत्रं असेल. शेकडोंच्या सभेत माईकशिवाय बोलणारी मी, मला माझ्या लेकीचं नाव घेता येईना.

ती गिरजाबाईंकडे होती. चुलीपाशी, घोंगडीत. मांडीवर स्टीलचं ताट आणि हातात चमचा.

"सहा वाजता ते बोलाचं बंद झालं म्हने," गिरजाबाई म्हणाल्या. "सातपर्यंत बसली कशीतरी. मंग वाघाले पळवाले ताट वाजवत आली गल्लीतून. मले वाटलं लग्नाची वरात कोनाची! पाह्यतो तं हे."

"एवढ्यासाठी बाहेर पडली ही? वाघाच्या तोंडी?"

"एवढ्यासाठी?" गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग चुलीत लाकूड सारलं.

यंत्राने लेकराला किती परावलंबी केलं याचा याहून मोठा पुरावा नको. तरी रात्रभर एक प्रश्न येत राहिला. कालची सभा रद्द करता आली असती का? बारा गावच्या बाया पायी आल्या होत्या. नसती करता आली. नसतीच.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजवरची सगळ्यात मोठी सभा. आठशे तरी बाया. मी बोलत होते, टाळ्या पडत होत्या, पण मला आतून जाणवत होतं की हे शब्द आता झिजले. आणि मग मी ते केलं जे गिरजाबाईंनी सतरा वर्षांपूर्वी केलं होतं. स्वतःच्या घराचं नाव घेतलं.

"बायांनो, दुसऱ्याचं कशाला सांगू? माझ्याच मुलीचं सांगते. दिव्यानी. पाचवीत आहे. तिचा आवाज ऐका."

मोबाईल माईकला लावला. तीस जानेवारीची नोंद, सायंकाळी सात वाजून चाळीस मिनिटं.

‘मम्मी आने तक बोलते रहना. चुप मत होना. मैं कुछ नहीं पूछूँगी, बस बोलते रहना.’

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी रडायला लागली, मग रांगच्या रांग. यंत्राने आईची जागा कशी बळकावली ते यापेक्षा स्पष्ट मी शंभर भाषणांतून सांगू शकले नसते. शपथ घ्यायला सगळा मंडप उठला.

गिरजाबाई मंचावरून मधूनच उतरल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. ऊन लागलं असावं. वयही झालं आता.

१८ फेब्रुवारी

सभेत कुणीतरी चित्रण केलं होतं. ते सगळीकडे पोचलं. नागपूरहून, वर्ध्याहून फोन आले. एक प्राध्यापक म्हणाले, अंगावर काटा आला.

शाळेतही पोचलं. पोरं दिव्यानीच्या मागे लागली, "मम्मी आने तक, मम्मी आने तक" करत. मास्तरांनी रागावून गप्प केलं म्हणतात. ती घरी आली, दप्तर खुंटीला लावलं, मला म्हणाली, "तू ऐकत होती?"

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठी."

"सगळंच?"

"सगळंच."

तिने मान हलवली. पोरं चार दिवसांत विसरतील. गिरजाबाईंच्या नवऱ्यालाही लोक हसले होते, आणि त्याच हसण्याने तो सुधारला.

२० फेब्रुवारी

नोंदी पाहिल्या. तीन दिवसांत शून्य. सकाळीही नाही, दुपारीही नाही. स्पीकर चालू असतो आणि ती त्याच्याशी बोलत नाही. बंदी पूर्ण यशस्वी.

माझ्याशीही बोलत नाही. विचारलं की मान हलवते. भाजी हवी का, मान. गृहपाठ झाला का, मान. काल मुद्दाम लवकर, साडेसहाला आले. ती पायरीवर बसली होती. मला पाहून आत गेली.

घर शांत आहे. गेले सात महिने मी घराघरात जी शांतता मागत होते, ती हीच असावी.

२१ फेब्रुवारी

गिरजाबाई आल्या. खाटेवर बसल्या नाहीत, उभ्याच.

"सुगंधा, तू मायं उदाहरन देते ना गावोगाव? आजपासून देऊ नको."

"काऊन, बाई? तुमी नवऱ्याचं नाव वाचलं, मी पोरीचं. तत्त्व तं एकच हाये."

"कसलं तत्त्व व! माया नवरा पिऊन पडे, मले मारे. म्हनून मी चौकात नाव घेतलं. तुया पोरीनं कोनाले मारलं? पोरगी भेली होती, माय. भेलेल्या लेकराचं नाव कोनी भोंग्यावर घेते?"

"मी यंत्राविरुद्ध बोलले."

"यंत्राले लाज आली का मंग? शाळेत यंत्राले चिडवते का?"

मी उत्तर दिलं. बरंच मोठं दिलं. समाजासाठी वैयक्तिक दुःख मांडावं लागतं, इतिहासात असंच घडत आलं आहे, असं काहीतरी. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलते तू बाकी लय चांगलं," आणि निघून गेल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

धनराज आला. दिव्यानीच्या शेजारी जमिनीवर बसला. त्या दोघांत काय झालं माहीत नाही. तासाभराने ती स्वतःची पिशवी भरून उभी होती. फ्रॉक, पुस्तकं, कंपासपेटी. स्पीकर आणि तो जुना मोबाईल त्याने घेतला.

"मोहर्लीले नेतो. तिथच्या शाळेत सांगून ठेवलं. संध्याकाळी सहाला गाड्या परत येते, मंग मी घरीच राह्यतो."

"किती दिवस?"

"ते तिच्यावर हाये."

"अन् माया हक्क?"

"हक्काचं भाषन नको देऊ आज. एक काम कर. तिचं ऐकनं बंद कर. मी तिले सांगनार आहो, आई आता ऐकत नाई. मले खोटं पाडू नको."

मी शब्द दिला. लगाम मात्र काढले नाहीत. ते कसे काढायचे ते मला येत नाही, कय्यूमभाईला विचारावं लागेल. निघताना दिव्यानीने पाया पडल्यासारखं केलं. वर पाहिलं नाही.

२७ फेब्रुवारी

दिलेला शब्द मोडला. कारण लिहून ठेवते म्हणजे उद्या स्वतःला फसवता येणार नाही: तिचा आवाज ऐकायचा होता. फोनवर ती ‘हो’ आणि ‘नाई’ एवढंच म्हणते.

नोंदीत एकच वाक्य होतं. ‘उद्या सोमवार आहे का?’ नव्हता. मी ते चार वेळा ऐकलं.

४ मार्च

रोज ऐकते आहे. पाढे विचारते. एकदा गाणं लावलं. सहानंतर काही नाही. माझ्या बंदीमुळे नाही, सहानंतर बाप घरी असतो म्हणून. हे आज कळलं. म्हणजे माहीत होतं. लिहिलं आज.

७ फेब्रुवारीची नोंद काढून वाचली. तीन दिवस एकही शब्द नाही, ‘नेट नसेल’. मी असं लिहिलं होतं.

८ मार्च

महिला दिन. तीन गावांत भाषणं. तिन्ही ठिकाणी एकच फर्माईश: ताई, ते पोरीचं ऐकवा ना. पहिल्या गावात म्हटलं, मोबाईल चार्ज नाही. दुसऱ्या गावातही तेच. तिसऱ्या ठिकाणी एका कार्यकर्तीने चार्जर आणून दिला. मी म्हटलं, आता ते ऐकवणार नाही. मंडपात कुजबुज झाली. का, ते सांगायला तोंड उघडलं, आणि वाक्य सापडलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नमस्कार करून खाली बसले.

९ मार्च, रविवार

दुपारी नोंदी उघडल्या. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांची एक होती. मशीनने शब्द उतरवलेच नव्हते. नुसतं लिहिलं होतं: ‘ऐकू आलं, पण समजलं नाही.’ आवाज होता. दाबलं.

"आई. मी हे आपल्या बोलीत सांगून राह्यली, याले समजत नाई. बाबा म्हन्ते तू आता ऐकत नाई. मले वाट्टे तू ऐकते. ऐकलं असशीन तं फोन करून सांगजो. आजच. नाई सांगतलं तं मले समजन का बाबा खरं बोलला, अन् तं मंग चांगलंच हाये. पन ऐकूनबी नाई सांगतलं, तं मी इथीच राह्यीन. नेहमीसाठी."

तीन वाजले होते. कबूल करावं, तर धनराजला दिलेला शब्द मोडला हे त्याला कळणार, आणि तिलाही, की तिची आई दुसऱ्यांदा तशीच वागली. गप्प बसावं, तर मी शब्दाची पक्की ठरते. तिला कधीच कळणार नाही. पुरावा फक्त माझ्याजवळ आहे.

कागद घेऊन मुद्दे काढले. सवयच आहे. पहिला मुद्दा: आईचं काळीज. दुसरा: परिस्थिती. तिसरा लिहिताना पेन थांबलं. मुद्दे चांगले होते. सभा जिंकली असती त्यांनी. कागद चुलीत घातला आणि सहा वाजता, जंगलातून गाड्या परतल्यावर, फोन लावला. धनराजने उचलून तिला दिला.

"दिव्यानी, मी ऐकलं."

"कोनतं?"

"आजचं. अन् तू गेल्यापासूनचं सगळं."

पलीकडे दूर कुठेतरी जिप्सीचा आवाज.

"तू तं बाबाले वचन देल्लं होतं ना."

"हो."

"मंग?"

"मोडलं."

"काऊन?"

"तू मायासंगं बोलत नव्हती म्हनून."

"मी आधी बोलत होती," ती म्हणाली. "तू घरी राह्यत नव्हती."

मला उत्तर सुचलं. एक नाही, तीन सुचली, आणि तिन्ही खरी होती. मी गप्प राहिले.

"थांब," ती म्हणाली. दार लावल्याचा आवाज आला. मग ती बोलायला लागली.

चाळीस मिनिटं बोलली. मी मध्ये बोलले नाही. दोनदा तिने विचारलं, "हाये ना तू?" मी "हाये" म्हटलं. परत येणार की नाही ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

ती काय बोलली ते इथे लिहिणार नाही.